परदेशात शिकून आणि शिकवून आल्यावर आपल्या समाजाकडे पाहण्याची नजर खरंच बदलते का?

बदलते. पण शिकून थोडी आणि शिकवून जास्त. शिकायला गेलेला माणूस तिकडे पाहुणाच असतो. त्याला रांगा दिसतात, ग्रंथालयं दिसतात, आणि सुट्टीत घरी आला की तो त्याचंच वर्णन करत बसतो. शिकवायला उभं राहिलं की हातात गुण द्यायची सत्ता येते. ती सत्ता कशी वापरायची हे तिथल्या लोकांनी आधी बसून ठरवलेलं असतं, आणि ते ठरवणं जवळून पाहिल्यावर मला माझं गाव, माझं कॉलेज, माझे सर वेगळे दिसायला लागले.

मी मराठवाड्यातल्या एका गावातला. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीवर अमेरिकेत अर्थशास्त्रात पीएचडीला गेलो आणि तिथे टीए (टीचिंग असिस्टंट, म्हणजे प्राध्यापकांना शिकवण्यात मदत करणारा) म्हणून पदवीच्या मुलांचे पेपर तपासायला लागलो. पहिला वर्ग घेण्याआधीच आम्हाला बसवून सांगितलं गेलं: उत्तरपत्रिकेवर नाव नको, फक्त क्रमांक. आधी सगळ्यांचा पहिला प्रश्न तपासायचा, मग सगळ्यांचा दुसरा, म्हणजे एका उत्तराची छाप त्याच मुलाच्या पुढच्या उत्तरावर पडत नाही. गुणांची यादी नावासकट बोर्डावर लावायची नाही, कारण १९७४ पासून तिथे तसा केंद्रीय कायदाच आहे. विद्यार्थ्याला गुण पटले नाहीत तर तो लेखी कारण देईल आणि तुम्ही लेखी उत्तर द्याल.

पहिल्याच सत्रात एक मुलगा आला. माझं पहिलं नाव घेऊन म्हणाला, चौथ्या प्रश्नाचे गुण मला पटत नाहीत. प्राध्यापकांनी पेपर दुसऱ्या टीएकडे दिला, मुलाचे गुण वाढले, विषय संपला. पुढच्या तासाला तो मुलगा नेहमीसारखा पुढे बसून प्रश्न विचारत होता. त्याच्या मनात भीती नव्हती आणि कुणी त्याच्यावर डूख धरला नव्हता.

त्या रात्री मला झोप लागली नाही, कारण मला माझी एमएच्या प्रकल्पाची तोंडी परीक्षा आठवत होती. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी पहिला प्रश्न विचारला, "पूर्ण नाव?" दुसरा, "गाव कोणतं?" तिसरा, "गावात घर कुठल्या बाजूला?" ज्याचं घर त्या बाजूला आहे त्याला हा तिसरा प्रश्न कशासाठी असतो हे समजावून सांगावं लागत नाही. माझा प्रकल्प ऊसतोड मजुरांना मुकादमाकडून मिळणाऱ्या उचलीवर, म्हणजे आगाऊ रकमेवर होता. मजुरांशी बोलून सगळी माहिती मी स्वतः गोळा केली होती. त्यावर एकही प्रश्न आला नाही. "ठीक आहे, या."

लेखी परीक्षेत आपल्याकडेही नावाऐवजी बारकोड आला आहे, हे मला माहीत आहे. पण अंतर्गत गुण आणि तोंडी परीक्षा अजून नाव-गाव विचारूनच होतात, आणि मुलाला निकालात कोणता वर्ग मिळणार हे तिथेच ठरतं.

परत आल्यावर एका कॉलेजात तासिका तत्त्वावर लागलो. विभागाच्या बैठकीत एवढंच मांडलं की अंतर्गत चाचणीच्या पेपरवर नाव लिहायला लावू नका, क्रमांक पुरे. विभागप्रमुख म्हणाले, "सर, आपल्याकडे असलं काही होत नाही. आणि ही अमेरिका नाही." होत नसेल तर नाव काढायला हरकत काय? याचं उत्तर मला आजपर्यंत मिळालेलं नाही. मी माझ्या विषयापुरतं ते सुरू केलं आणि तपासलेले पेपर मुलांच्या हातात दिले. काही दिवसांनी मुली विचारायला लागल्या, "सर, इथे दोन गुण का गेले?" मग त्या इतर प्राध्यापकांनाही विचारायला लागल्या. तक्रार माझ्यावर आली. पुढच्या वर्षी माझ्या तासिका निम्म्या झाल्या.

माझा मोठा भाऊ जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहे. तो म्हणतो, "हे दिसायला तुला विमानात बसावं लागलं? आम्ही रोज बघतोय. जोतीराव कुठे गेले होते परदेशात?" दादा, जोतीराव गेले नव्हते, पण त्यांची नजर तिकडे होती. १८७३ साली त्यांनी 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेत गुलामी संपवणाऱ्या लोकांना. दुसरीकडे हे मोडता आलं, म्हणजे इथेही येईल, ही खात्री त्यांनी तिथून घेतली. बाबासाहेब १९१३ साली न्यूयॉर्कला गेले ते जात म्हणजे काय हे कळायला नव्हे. ती त्यांना साताऱ्यातच कळली होती. पण परदेशातल्या वर्षांत आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसली गेली होती, असं त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. ते लिहितात ते बडोद्याला १९१७ साली राहायला जागा मिळेना त्या संदर्भात. पुढे १९१८ मध्ये मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले, तर प्राध्यापकांच्या खोलीतल्या माठातलं पाणी त्यांनी प्यायला सहकाऱ्यांची हरकत. आपल्याला वर्षानुवर्षं जे अटळ सांगितलं गेलं ते अटळ नाही, हे अंगानं अनुभवलेला माणूस असली हरकत निमूट सोसत नाही. मी आणलंय ते एवढंच. तू ते इथे राहून मिळवलंस तर तू माझ्यापेक्षा मोठा, पण मला "बिघडून आला" म्हणू नकोस.

आता तिकडचंही सांगायला हवं. तिथेही कंत्राटी प्राध्यापक तुटपुंज्या पगारावर राबतात. पंडिता रमाबाई १८८० च्या दशकात इंग्लंडमध्ये चेल्टनहॅमच्या कॉलेजात शिकत आणि संस्कृत शिकवत होत्या. त्यांनी पुरुषांना शिकवावं असा विषय निघाला तेव्हा बिशपांनी विरोध केला. भारतात भरसभेत पुरुषांपुढे व्याख्यानं देणारी बाई तिथे वर्गात चालेना. आणि आपली माणसं जात सामानात भरून नेतात. तिकडच्या मराठी घरांत मलाही आडनावावरून पुढचे प्रश्न विचारले गेले आहेत. सिएटल शहराला २०२३ मध्ये जातिभेदाविरुद्ध कायदा उगाच करावा लागला नाही.

तुम्ही जाणार असाल तर नुसती पदवी घेऊन येऊ नका. टीएचं काम मिळालं तर घ्या, पैसे कमी असले तरी घ्या. पेपर तपासा, तक्रारी ऐका, नियम कसे लिहिलेत ते नीट वाचा. परत आल्यावर तोंडी सांगत बसू नका, लेखी द्या. तोंडी सांगितलेलं "तिकडचं कौतुक" म्हणून उडवून लावतात. मी या वर्षी प्राचार्यांना पत्र दिलं आहे: चाचणीच्या पेपरवर नाव नको, तोंडी परीक्षेत गाव विचारायचं नाही, आणि नकार द्यायचा असेल तर तोही लेखी द्या.