हेल घालवण्याआधी अर्सिने खांजियानचं काम बघ

प्रिय पोरी,

तुझं पत्र वाचून वाईट वाटलं, आणि रागही आला. 'आधी तो वऱ्हाडी हेल घालवा, मग ऑडिशनला या' असं सांगणारे आमच्या वेळीही होते. तू विचारतेस, खरंच घालवू का? प्रमाण भाषा शिक, ती चोख यायलाच हवी. पण त्यासाठी घरची बोली मोडू नकोस. हे मी अर्सिने खांजियान या आर्मेनियन नटीच्या कामाच्या आधारावर सांगते आहे.

तिचा जन्म १९५८ सालचा, बैरुतमधला. ऑटोमन तुर्कस्तानात १९१५ पासून झालेल्या आर्मेनियन लोकांच्या संहारातून वाचलेल्यांनी त्या शहरात मोठी वस्ती केली होती. सतराव्या वर्षी ती कॅनडात, माँट्रियलला आली. पुढे साहित्य आणि राज्यशास्त्र शिकली. (तू एम.ए. अर्धवट सोडायचं म्हणतेस ना? सोडू नकोस.) १९८४ मध्ये अ‍ॅटम इगोयान या तरुण आर्मेनियन-कॅनेडियन दिग्दर्शकाच्या पहिल्याच चित्रपटात, 'नेक्स्ट ऑफ किन'मध्ये, तिला काम मिळालं. पुढे दोघांनी लग्न केलं आणि अनेक वर्षं एकत्र चित्रपट केले.

त्यातला १९९३ चा 'कॅलेंडर' तू आधी बघ. एक फोटोग्राफर आर्मेनियातल्या बारा चर्चचे फोटो काढायला येतो. त्याला आर्मेनियन येत नाही, म्हणून बायको, म्हणजे अर्सिने, दुभाषी. स्थानिक ड्रायव्हर प्रत्येक चर्चची गोष्ट सांगतो आणि बायको ती इंग्रजीत करून नवऱ्याला ऐकवते. नवरा, म्हणजे स्वतः इगोयान, आर्मेनियातल्या प्रसंगांत कॅमेऱ्यामागून पुढे येतच नाही. त्याला घाई असते, प्रकाश जाईल याची काळजी असते. ड्रायव्हरच्या बोलण्याला सबटायटल्स नाहीत, त्यामुळे आपणही तिच्याच तोंडाकडे बघत राहतो. ती आधी ऐकते, मग क्षणभर थांबते, मग बोलते. त्या थांबण्यात ती नवऱ्यापासून किती लांब गेली आहे ते कळतं. संवाद साधे आहेत, बरेचसे जागेवर सुचलेले. पण आर्मेनियन ऐकताना तिचा चेहरा सैल होतो आणि इंग्रजी बोलताना आवरला जातो. मूळ भाषा घासून पुसून टाकलेल्या नटीला हे जमलं नसतं, असं मला मनापासून वाटतं.

'फेलिशियाज जर्नी'त ती टीव्हीवरची स्वयंपाकवाली गाला आहे. तिचा मोठा झालेला मुलगा तिच्या जुन्या टेप लावून एकटाच स्वयंपाक करतो. तिथे तिचा परका उच्चार लपवलेला नाही, उलट मुद्दाम ठसठशीत केलेला आहे, आणि त्या झगमगाटातूनच मुलाचं गुदमरणं कळतं. भूमिका मोठी नाही. तीन वाक्यांच्या भूमिकेत काय करून दाखवणार, असं तू लिहिलंस, त्याला माझं उत्तर हेच.

मग २००२ चा 'अरारात'. चित्रकार अर्शिल गॉर्कीवर व्याख्यानं देणारी कला-इतिहासकार आनी तिने केली आहे. त्या १९१५ च्या संहारावरच्या एका चित्रपटाची सल्लागार म्हणून आनीला बोलावतात. सेटवर तिला दिसतं की वान या आता तुर्कस्तानात असलेल्या शहराच्या मागे अरारात, आर्मेनियन लोकांना पवित्र असलेला पर्वत, रंगवला आहे. तो तिथून दिसतच नाही, असं ती सांगते. बनवणारे काव्यात्म सवलतीचं कारण पुढे करतात. आपला इतिहास दुसऱ्याने सोयीने रंगवला की काय वाटतं, हे त्या प्रसंगात अर्सिने आवाज न चढवता दाखवते. या भूमिकेसाठी तिला कॅनडाचा जिनी हा चित्रपट पुरस्कार मिळाला.

एक गोष्ट मात्र विसरू नकोस. असं काम एकटीने उभं राहत नाही. तिच्यासाठी लिहिणारा, तिचा आवाज ओळखणारा माणूस सोबत होता. तुझ्या एकांकिकेच्या ग्रुपमधली ती लिहिणारी मुलगी आठव. मुंबईच्या नादात तिला सोडू नकोस. तिला तुझ्यासाठी लिहायला सांग, वऱ्हाडीतच.

आणि ऑडिशनचा तोच उतारा दोनदा रेकॉर्ड करून पाठव: एकदा प्रमाण मराठीत, एकदा आईशी बोलतेस तसा. रविवारी फोनवर दोन्हींबद्दल बोलू.

तुझी,
ताई