सासूबाईंच्या मागे बाळाची दुपटी शिवायची वेळ माझ्यावर आली, पण मला शिवण येत नाही. काय करू?

ताई, तुम्ही लिहिलंय की सासूबाई घरातल्या प्रत्येक लेकरासाठी हातानं दुपटी शिवायच्या. यंदा त्या नाहीत, नणंदबाई पोळ्याच्या सुमारास बाळंत होणार आणि तुमचा हात बटण लावण्यापलीकडे कधी गेला नाही. तर मशीनवर शिवून किंवा विकत आणून चालेल का? चालेल. पण त्याआधी आजच्या आज एक करा. सासूबाईंची लुगडी घरात असतील तर ती कोणाला देऊन टाकू नका. माणूस गेल्यावर कपडे वाटून टाकायची आपल्याकडे घाई असते, आणि नेमकं त्यातच दुपट्याचं कापड निघून जातं.

मी विदर्भातल्या दर्यापूरकडची. आमच्या घरात आजी, मग माय आणि आता मी, असं हे काम चालत आलंय. लोक समजतात की ही कला हातात असते. मला तसं वाटत नाही. दुपट्याला लागतो तो साधा धावदोरा, तो कोणालाही एका दुपारी येतो. अवघड आहे ते कापड मिळणं. वीस-वीस वर्षं नेसलेलं, दगडावर आपटलेलं, उन्हात वाळलेलं सुती लुगडं आज कोणाच्या घरात आहे? नव्या कापडाला खळ असते, सूत ताठ असतं, पाणी लवकर पीत नाही. जुन्याची खळ केव्हाच निघून गेलेली असते, पीळ सैल पडलेला असतो, म्हणून ते मऊही लागतं आणि ओल पटकन शोषतं. आजी म्हणायची, "नवं कपळं लेकराले टोचते. लुगळं गालाले लावून पाय, मंग समजते." दुपट्याचं निम्मं काम सुई हातात घ्यायच्या कितीतरी आधी, कपडा वापरतानाच झालेलं असतं.

गंमत बघा, आपण कापसाच्या मुलखातले. नागपुरात एम्प्रेस मिल १८७७ साली सुरू झाली. पुढे पुलगाव, हिंगणघाट, अकोला, अचलपूर इथेही गिरण्यांचे भोंगे वाजले. आज शिवारात पऱ्हाटी उभी आणि ती वेचणाऱ्या बाईच्या अंगावर मात्र पॉलिस्टरची साडी. स्वस्त पडते, लवकर वाळते, इस्त्री लागत नाही, तिला नावं ठेवण्यात अर्थ नाही. पण त्या साडीचं दुपटं होत नाही. ती ओल पीत नाही आणि आपल्या उन्हाळ्यात बाळाला उबवून काढते.

म्हणून ट्रंक उघडली की पहिली पारख सुताची. कडेचे दोन-चार धागे ओढून घ्या आणि चिमट्यात धरून दिव्यावर जाळा. सुती धागा कागदासारखा जळतो आणि त्याची भुरभुरीत राख होते. पॉलिस्टर वितळतं, आकसतं आणि थंड झालं की टोकाला कडक मणी राहतो. टेरिकॉटमध्ये दोन्ही असतं, राखेत कडक खडा लागतो. तेही बाजूला ठेवा. हे करताना पोरांना जवळ घेऊ नका, वितळलेला थेंब चांगलाच भाजतो.

नऊवारी म्हणजे साधारण सव्वाआठ मीटर कापड, पण सगळं कामाचं नसतं. बसायच्या जागी ते विरलेलं असतं. उजेडापुढे धरून पाहा, जिथून जाळीसारखं दिसेल ते सोडून द्या. पदराकडचा भाग बहुतेक चांगला निघतो. काठ सुंदर दिसतो म्हणून तो मधोमध घ्यायचा मोह होईल, पण काठ जाड आणि खरखरीत असतो. तो उलट बाजूला किंवा कडेला जाऊ द्या. लाल आणि हिरव्या काठांचा रंगही बघून घ्या. ओल्या पांढऱ्या फडक्यानं जोरात पुसा, फडक्याला रंग लागला तर तो तुकडा बाळाजवळ नको. लेकरं काठ चोखतात.

लुगडी पुरली नाहीत तर सासऱ्यांचं धोतर, उपरणं, जुना पंचा, सुती चादर, काहीही चालतं. धोतर तर आतल्या थराला फार छान. आमच्याकडे एक थर तरी बापाच्या घरचा असावा असं मानतात, त्यामुळे नंदोईंकडूनही एखादा जुना सदरा मागवून घ्या. नवं मलमल किंवा खादी घालायचीच असेल तर आधी दोन-तीनदा गरम पाण्यातून काढा. नाहीतर पहिल्या धुण्यात नवं आटतं, जुनं तसंच राहतं आणि दुपट्याला सुरकुत्यांचे डोंगर येतात.

आता शिवण. आत रुई भरू नका. रुई गादीला आणि रजईला. दुपट्यात ती ओलीनं गोळा होते आणि आतून वाळतच नाही. नुसते कापडाचे थर घ्या. आकार तुमच्या हाताच्या लांबीएवढा चौकोन, मीटरभरापेक्षा थोडा कमी. थर जमिनीवर एकावर एक अंथरा, हातानं सारखे करा, कोपऱ्यांवर तांबे-पाट काहीतरी ठेवा. मग मधून सुरुवात करून बाहेरच्या अंगाला लांब लांब कच्चे टाके घाला. इथे आळस केला की थर सरकतात, मधे फुगा येतो आणि तो मागून कशानंच बसत नाही. कडा बोटभर आत दुमडा. त्यानंतर कडेनं धावदोरा सुरू करून चौकोनात चौकोन करत मध्यापर्यंत जा. दोन ओळींत दोन बोटांचं अंतर पुरे. दोरा सुती घ्या, नायलॉनचा ताठ असतो आणि त्याचं तुटलेलं टोक टोचतं. गाठ थरांच्या आत जाऊ द्या. टाके वाकडे आले तरी येऊ द्या, बाळ काही मोजत नाही. पण ते लांब नकोत. उसवलेल्या दोऱ्याचा फास बोटाला, अंगठ्याला पडतो आणि रक्त अडतं. बाळाला काय होतंय ते सांगता येत नाही, नुसतं रडतं. त्यामुळे धुतल्यावर दरवेळी दोरे बघायची सवय लावून घ्या. टिकल्या, मणी, लटकन यातलं काहीच नको. हौस असेल तर कोपऱ्यात रंगीत दोऱ्याचं फूल काढा.

मशीनवर शिवायचं तर टाका मोठा ठेवा आणि मशीन कडांपुरतीच चालवा. चार-पाच थरांवर जवळजवळ टीप मारली की दुपटं पुठ्ठ्यासारखं कडक होतं. कडा मशीनवर आणि मधलं हातानं, हा मला सगळ्यात बरा तोडगा वाटतो. त्यात कमीपणा काही नाही.

सासूबाईंनी जाडजूड गोधडी केली होती म्हणून तुम्हीही तेच धरून बसू नका. पोळ्याच्या सुमाराला जन्म म्हणजे ऐन पावसाळा. जाड दुपटं दोन-दोन दिवस वाळत नाही, कुबट वास धरतं. दोन थरांची पातळ करा, पण भरपूर करा. चार थरांचं एखादं दिवाळीनंतरच्या थंडीसाठी सावकाश करता येईल. तुम्ही आमच्यासारख्या खारपाणपट्ट्यात असाल तर विहिरीच्या पाण्यात साबणाला फेस येत नाही आणि कापड वाळल्यावर पापडासारखं होतं. बाळाच्या कपड्यांना नळाचं किंवा पन्हाळीखाली साठवलेलं पावसाचं पाणी वापरा.

एक गोष्ट मी आमच्या चालीतून काढून टाकली, ती राईची उशी. डोकं गोल व्हावं म्हणून ती दुपट्यासोबत शिवायची पद्धत आमच्याकडे होती. बालरोगतज्ज्ञ आता सांगतात की वर्षाच्या आतलं बाळ पाठीवर झोपवावं, खाली सपाट आणि घट्ट अंथरूण असावं, आणि झोपेच्या जागी उशी, सैल पांघरूण, जाड गोधडी ठेवू नये, कारण तोंडावर आलं तर बाळाला दूर सारता येत नाही. दुपटं मांडीवर घ्यायला, खाली ताणून अंथरायला, उचलून न्यायला. झोपलेल्या बाळावर टाकून निघून जायला नाही. गुंडाळताना पाय ओढून सरळ करायचे आणि घट्ट बांधायचे, हेही नको. त्यानं खुब्याच्या सांध्यावर ताण येतो. कमरेखाली सैल ठेवा, पाय बेडकासारखे दुमडले तर दुमडू द्या.

ठेवण्याबद्दलही सांगते, कारण ट्रंकेत हमखास डांबर गोळ्या असतात. बाळाच्या कपड्यांत त्या अजिबात नकोत. काही बाळांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी नावाचं एंझाइम कमी असतं, त्यांच्या तांबड्या पेशी या गोळ्यांच्या वासानं फुटतात आणि कावीळ वाढते. आणि कोणत्या बाळात ते कमी आहे हे तपासल्याशिवाय कळत नाही. कडुनिंबाचा वाळलेला पाला घाला. गोळ्यांत राहिलेलं लुगडं असेल तर धुऊन, वास पूर्ण जाईपर्यंत उन्हात टाकून मगच कापा.

नणंदबाईंच्या सासरी कोणी म्हणेल, "पहिलंच लेकरू आणि त्याला जुन्या चिंध्या?" अशी माणसं आमच्याकडेही आहेत. त्यांना सांगा, चिंध्यांची गोधडी अंगावर घेऊन गावोगाव झाडू मारणाऱ्या आपल्या शेंडगावच्या गाडगेबाबांना लोक गोधडेबाबा म्हणायचे, आणि त्यांना भेटायला मोठमोठे येत. बिहारमधल्या मुजफ्फरपूरकडच्या बायाही जुन्या साड्यांचे थर शिवून बाळंतघरासाठी सुजनी करत आल्या आहेत. आज त्या सुजनीला भौगोलिक मानांकन आहे आणि शहरातले लोक हौसेनं विकत घेतात.

विकत घ्यायचंच ठरलं तर वरच्या रंगावर जाऊ नका. आतले थर कशाचे आहेत ते विचारा आणि कडेचा टाका उसवून बघू देतात का ते पाहा. त्यापेक्षा गावातल्या एखाद्या म्हाताऱ्या बाईला कापड आणि दोरा देऊन दुपारी तुमच्या ओसरीवर बोलवा. पहिलं तिच्यासमोर बसून शिवा, दुसरं तुमचं तुम्हालाच जमेल. फक्त तिच्यासमोर धागे जाळून बघत बसू नका. ती नुसता हात लावूनच सांगेल सुती कोणतं ते, आणि वर तुम्हाला हसेल.