पिवळ्या बल्बची सद्दी संपली, आता काय?

प्रश्न : आमच्या घरात तारेचे सात-आठ जुने पिवळे बल्ब अजून चालू आहेत, पण नवे आता सहजासहजी मिळत नाहीत. चांगले चालणारे बल्ब काढून त्यांच्या जागी एलईडी लावणे ही उधळपट्टी नव्हे का? एक एलईडी लावून पाहिला, तर त्याचा उजेड पांढराफटक आणि निर्जीव वाटला. ६० वॉटच्या जागी ९ वॉटचा दिवा पुरेल, हेही मनाला पटत नाही.

उत्तर : चालू वस्तू टाकून देताना हात आखडतो, हे स्वाभाविकच आहे; परंतु बल्बच्या बाबतीत खरा खर्च वस्तूत नसून ती पेटती ठेवण्यात आहे. या बल्बमधली टंगस्टनची केसासारखी बारीक तार विजेने सुमारे अडीच हजार अंश सेल्सिअसपर्यंत तापते, तेव्हा कुठे ती उजळते, आणि या सगळ्या खटाटोपात विजेचा जेमतेम विसावा भाग डोळ्यांना दिसणाऱ्या उजेडात उतरतो. उरलेली वीज उष्णता होऊन खोलीत पसरते. तार आणखी तापवली तर उजेड वाढतो, पण टंगस्टनची वाफही जास्त होते. जुन्या बल्बच्या काचेवर आतून जो काळसर थर दिसतो, तो याच वाफेचा. म्हणूनच साधारण १,००० तासांचे आयुष्य ही या बल्बची ठरलेली तडजोड होती. युरोपीय संघाने २००९ साली १०० वॉटच्या बल्बपासून आरंभ करून २०१२ पर्यंत घरगुती वापराचे बहुतेक तारेचे बल्ब बाजारातून टप्प्याटप्प्याने काढले, त्यामागे विजेच्या या नासाडीचाच हिशेब होता.

तो हिशेब घरातही करून पाहावा. ६० वॉटचा बल्ब रोज पाच तास जळला तर वर्षाला सुमारे ११० युनिट वीज खातो. ९ वॉटचा एलईडी तेवढ्याच वेळात १६-१७ युनिटांत भागवतो. मात्र अडगळीच्या खोलीत रोज दहा मिनिटे लागणारा तोच जुना बल्ब वर्षभरात चार युनिटही घेत नाही. तेव्हा बैठकीच्या आणि स्वयंपाकघरातल्या दिव्यांपासून सुरुवात करावी आणि अडगळीतला बल्ब जाईपर्यंत खुशाल वापरावा.

वॉटचा घोळ आपल्या सवयीने केलेला आहे. वॉट म्हणजे दिवा किती वीज खातो ते. तो उजेड किती देतो, हे ल्यूमेनमध्ये मोजतात. ६० वॉटचा जुना बल्ब ७०० ते ८०० ल्यूमेन देत असे, आणि तेवढा उजेड ९ वॉटचा चांगला एलईडी सहज देतो. खोक्यावर ल्यूमेनचा आकडा छापलेला असतो, तोच पाहावा.

पांढरेपणाबद्दलची आपली तक्रार अगदी रास्त आहे, पण तिचे कारण बहुधा चुकीच्या दिव्याची निवड हे असावे. उजेडाची छटा केल्विनमध्ये सांगतात : ६५०० केल्विनचा दिवा निळसर पांढरा, तर २७०० केल्विनचा जुन्या बल्बसारखा पिवळसर. त्याशिवाय सीआरआय नावाचा आकडा वस्तूंचे रंग कितपत खरे दिसतील ते सांगतो. तारेच्या बल्बचा तो जवळजवळ १०० असतो, साध्या एलईडीचा ८० च्या आसपास, त्यामुळे लाल रंग आणि माणसाची त्वचा त्याखाली किंचित मलूल दिसते. या एका बाबतीत जुना बल्ब सरस होता, हे मान्यच करायला हवे. २७०० केल्विन आणि ९० च्या वरचा सीआरआय असा दिवा घेतला, तर हा फरक बहुतेकांच्या लक्षातही येणार नाही.

दोन ठिकाणी मात्र जपावे. उजेड कमी-जास्त करण्याचे बटण असेल, तर तसे चालणारा म्हणजे ‘डिमेबल’ लिहिलेलाच एलईडी घ्यावा, नाहीतर तो लुकलुकतो. पूर्ण बंद काचेच्या शेडमध्ये उष्णता कोंडून एलईडीतले इलेक्ट्रॉनिक भाग लवकर निकामी होतात, म्हणून तशा वापरासाठी बनवलेलाच दिवा तिथे लावावा. भट्टीसारख्या ओव्हनच्या आत तर अजूनही उष्णता सोसणारा तारेचा खास बल्बच लागतो.

प्रश्न : बटण बंद केल्यावरही एलईडी रात्री मंद मिणमिणतो. दिवा खराब आहे का?

उत्तर : बहुधा नाही. बटणातच छोटा सूचक दिवा असेल, तर त्याच्यातून अगदी थोडा प्रवाह पुढे जात राहतो. जुन्या तारेला तो खिजगणतीत नसे, एलईडी मात्र तेवढ्यावरही उजळतो. सूचक दिवा नसलेले बटण बसवले की हा प्रकार थांबतो. बटणात तसा दिवा नसेल, तर बटण चुकून वीज आणणाऱ्या फेजच्या तारेऐवजी ती परत नेणाऱ्या न्यूट्रलच्या तारेवर जोडले गेले असण्याची शक्यता आहे, आणि तसे असल्यास बटण बंद असतानाही होल्डरमध्ये वीज असते. ही तपासणी वायरमनकडूनच करून घ्यावी, आणि तोवर दिवा बदलायचा झाल्यास आधी मेन स्विच बंद करावा.