सूट पंचवीस हजारांची, पण कोटेशन पूर्ण वाचलंत का?

मिरजेच्या एका शिक्षिका ताईंनी शोरूमचं कोटेशन पाठवलंय. पेट्रोल हॅचबॅक. एक्स-शोरूम ८,००,०००, आरटीओ ९०,०००, विमा ४६,०००, अ‍ॅक्सेसरीज २२,०००, हँडलिंग ९,५००. एकूण ९,६७,५००, त्यातून २५,००० सूट. ‘ऑफर आजच्यापुरतीच आहे म्हणतात. पाडव्याला गाडी दारात हवी. बुक करू का?’

ताई, आज नको. आणि पाडव्याचं सेल्समनलाही सांगून बसला असाल, तर निम्मी घासाघीस तिथंच संपली. आता ‘मुहूर्ताचं घरच्यांनी रद्द केलं’ म्हणा. एवढं खोटं चालतं.

एक्स-शोरूम किंमत कंपनीची आणि रोड टॅक्स सरकारचा (दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला ११ टक्के, म्हणजे आरटीओच्या ९०,००० पैकी तुमचे ८८,०००), तिथं डोकं लढवू नका. खरी मेख विम्यात आहे. तुम्हीच दुसरीकडून काढलेलं कोटेशन ३१,००० चं आहे. आयडीव्ही (विम्यात धरलेली गाडीची किंमत) तेवढीच आणि झिरो डेप (सुट्या भागांचा घसारा न कापता भरपाई) दोन्हीकडे आहे, हे मी ताडून पाहिलं. म्हणजे विम्यात १५,००० जादा आणि हँडलिंगचे ९,५००, झाले २४,५००. सूट २५,००० ची! एका हातानं दिलं, दुसऱ्या हातानं काढून घेतलं. विमा डीलरकडूनच घ्या अशी सक्ती त्याला करता येत नाही. हँडलिंग तर सरळ खोडायला सांगा. गाडी यार्डातून शोरूमला आणणं हे त्याचंच काम आहे.

अ‍ॅक्सेसरीजचं पॅकेजही काढा. सीट कव्हर, मॅट, मडफ्लॅप बाहेर बसवून घेता येतात.

हे सगळं मान्य झालं तर बाहेरचा विमा धरून आकडा ८,९६,००० वर येतो. विमा बाहेरून म्हटल्यावर ते सूट कमी करतील, हे धरूनच चाला. विमा धरून ९,०५,००० पर्यंत जमलं तरी घ्या. तोंडी मात्र काही नको. सांगलीतल्या दुसऱ्या आणि कोल्हापूरच्या एका शोरूमकडून त्याच व्हेरिएंटचं ऑन-रोड कोटेशन मागवा. कोल्हापुरात घेतली तरी नोंदणी तुमच्या पत्त्यावर, सांगलीच्या एमएच-१० मध्येच होईल. गाडी कुठल्या महिन्यात बनली तेही लेखी विचारा. गेल्या वर्षीची असेल तर विकताना एक वर्ष जुनी धरली जाते, मग २५,००० ही सूट तोकडीच.

आता कर्ज. शोरूमवाल्यांचं ‘महिना फक्त ९,६५३’ हे सहा लाखांवर ९ टक्क्यांनी सात वर्षांचं गणित आहे. पाच वर्षांना हप्ता १२,४५५ पडतो, पण व्याज सुमारे ६३,५०० नं कमी. तुमच्या पगारात तो बसतोय.

कोटेशन परत करून निघून या. मार्चअखेरीचं टार्गेट त्यांच्याही डोक्यावर असतं, दोन दिवसांत फोन येईल.