पहिला बहुप्रणाली रिसीव्हर हाताळताना

जीपीएस, गॅलिलिओ, नाविक अशा अनेक उपग्रह-प्रणालींचे संकेत घेऊन स्थान सांगणारा रिसीव्हर घेतलात हे उत्तम झाले. मात्र सगळ्या प्रणाली एकदम चालू करण्याची घाई करू नये. अँटेना गच्चीवर, पाण्याच्या टाकीपासून दूर ठेवून आधी केवळ जीपीएसवर स्थान स्थिर होते का ते पाहावे आणि मगच युरोपची गॅलिलिओ जोडावी. प्रत्येक प्रणालीची वेळ वेगळी असल्याने नव्या प्रणालीच्या एका उपग्रहाचे मोजमाप तो फरक काढण्यातच खर्ची पडते. म्हणून एका प्रणालीला चार उपग्रह पुरतात, तर दोन मिळून सहसा पाच लागतात.

नवशिक्यांची हमखास चूक अँटेनाची असते. भारताच्या नाविक प्रणालीचा एल-5 संकेत 1176.45 मेगाहर्ट्झवर येतो. केवळ एल-1 या वेगळ्या वारंवारतेसाठी बनवलेल्या स्वस्त अँटेनातून तो मिळत नाही आणि दोष मात्र बिचाऱ्या रिसीव्हरला दिला जातो.

जादा उपग्रहांचा खरा उपयोग नागपुरात सीताबर्डीच्या दाट इमारतींमध्ये दिसेल, अंबाझरी तलावाच्या मोकळ्या काठावर फारसा नाही. आरटीकेला, म्हणजे सेंटिमीटरपर्यंत अचूक स्थान देणाऱ्या पद्धतीला, तूर्त हात लावू नये.