परक्या देशात नवरा आयसीयूत असताना

चि. सौ. मुलीस अनेक आशीर्वाद,

तुझ्या सासूबाईंकडून सगळं कळलं. पहाटे त्याच्या छातीत कळा आल्या, तू ११२ ला फोन लावलास, आणि स्टटगार्टच्या इस्पितळात लगेच अँजिओप्लास्टी होऊन स्टेंट, म्हणजे रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळीची नळी, बसला. आता तो आयसीयूत आहे आणि तू बाहेरच्या खुर्चीत. इथे पुण्यात सगळ्यांनी देव पाण्यात ठेवलेत. सासूबाई सकाळीच कसब्याच्या गणपतीला जाऊन आल्या.

पत्र लांबलं आहे, लागेल तसं तुकड्यातुकड्यांनी वाच.

आधी एक गोष्ट मनात पक्की धर. रक्तवाहिनी बंद पडली की हृदयाचा स्नायू मिनिटामिनिटाला मरत जातो, म्हणून 'ॲसिडिटी असेल, सकाळी बघू' असं म्हणणाऱ्यांचं नुकसान होतं. तू तसं म्हणाली नाहीस. देवाचे आभार मानताना हेही त्यात धर, कारण त्या क्षणी तुला सुचलं हीसुद्धा त्याचीच कृपा आहे.

आता श्रद्धेबद्दल. 'माझा विश्वास आहे, म्हणजे सगळं नीट होणारच' अशी अट देवाला घालू नकोस. अशी अट घातली की प्रत्येक रिपोर्टबरोबर विश्वास वर-खाली होतो, आणि तुला आत्ता ते परवडणारं नाही. जे त्याच्या हातात आहे ते त्याच्यावर सोपव, आणि तुझ्या हातात आहे ते नीट कर. तुझ्या हातात बरंच आहे.

पहिले दोन दिवस मॉनिटरवर लक्ष ठेवतात, कारण त्या काळात ठोक्यांची लय बिघडायचा धोका जास्त असतो. मॉनिटर सारखा वाजेल. बहुतेक वेळा छातीवरची चिकटपट्टी सुटलेली असते किंवा त्याने हात हलवलेला असतो. स्क्रीनवरच्या आकड्यांकडे टक लावून बसू नकोस, नर्सकडे बघ. ती शांतपणे येऊन बटण दाबून गेली, तर घाबरायचं कारण नाही.

अँजिओप्लास्टी हल्ली बहुधा मनगटातून करतात, त्यामुळे त्याच्या हातातला गंडा आणि अंगठी काढली असेल. ते कुठे ठेवलंय ते नर्सला विचार. नावाच्या पाकिटात असतं, सही करून ताब्यात घे. गंडा काढला म्हणून मनाला काही लावून घेऊ नकोस. आयसीयूत ऑक्सिजन चालू असतो, तिथे उदबत्ती-निरांजन चालणार नाही, आणि फुलंही बहुतेक नेऊ देत नाहीत. देवाचा छोटा फोटो प्लास्टिकच्या पाकिटात घालून उशीजवळ ठेवायला मात्र सहसा कोणी ना म्हणत नाही, फक्त विचारून ठेव. दिवा इथे लागतोच आहे. तू तिथे हळू आवाजात नामस्मरण कर, त्याला तुझा आवाज ऐकू येतो.

एक वही घे. डॉक्टर राउंडला आले की चार प्रश्न विचार: कुठली रक्तवाहिनी बंद होती, स्टेंट किती बसले, आणखी कुठे ब्लॉक आहे का, आणि इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, केल्यावर इजेक्शन फ्रॅक्शन किती आलं. हा शेवटचा आकडा हृदयाची पंप करायची ताकद सांगतो. साधारण ५५ टक्क्यांच्या आसपास आणि वर असेल तर चांगला. पहिल्या दिवसांत कमी आला तरी हात-पाय गाळू नकोस, काही आठवड्यांनी पुन्हा इको करतात आणि तेव्हा तो बऱ्याच जणांचा सुधारलेला असतो. जेवणाखाण्याच्या बोलण्याला मोबाईलमधलं भाषांतराचं ॲप चालेल. संमतीपत्रावर सही करताना मात्र इंग्रजी प्रत किंवा दुभाषा माग.

पुण्याहून कोणी परस्पर इस्पितळात फोन केला तर त्यांना काहीही कळणार नाही. जर्मनीत डॉक्टरांवर गुप्ततेचं कायदेशीर बंधन आहे, वडिलांनी फोन केला तरी. मग इकडे गैरसमज होतो की काहीतरी लपवताहेत. त्यावर उपाय एकच: तो शुद्धीवर आहे, तर माहिती कोणाला द्यायची त्याचा फॉर्म त्याच्याच सहीने भरून घे, आणि त्यात तुझं नाव घाल. तो गुंगीत गेला तर काय, ही भीती तुला असेल. १ जानेवारी २०२३ पासून तिथल्या कायद्याने नवरा-बायकोला अशा वेळी उपचारांबद्दल एकमेकांच्या वतीने निर्णय घेता येतो, जास्तीत जास्त सहा महिने. तशी नोंद डॉक्टर लेखी करून देतात. लग्नाचं प्रमाणपत्र जवळ ठेव. हा अधिकार उपचारांपुरता आहे, त्याच्या बँक खात्याला तो लागू नाही. घरभाडं त्याच्या एकट्याच्या खात्यातून जात असेल, तर तो सही करू शकतो तोवर खात्याचं अधिकारपत्र करून घे.

इकडच्या फोनसाठी धाकट्या दिराला नेमून टाक. तिकडे दुपारी एक म्हणजे इथे हिवाळ्यात साडेपाच, उन्हाळ्यात साडेचार. त्या वेळी त्याला एकच फोन, आणि बाकी सगळ्यांना तो सांगेल. संदेश असा पुरे: 'आज रात्र शांत गेली. ब्लड प्रेशर नीट आहे. थोडं सूप घेतलं. उद्या दुपारी पुन्हा कळवतो. कृपया थेट फोन करू नका.' 'एवढं काम कशाला करायचं', 'आमच्या ओळखीत असंच झालं होतं', असे फोन येतीलच. माणसं प्रेमापोटीच बोलतात, पण ते ऐकायची ताकद तुझ्यात आत्ता नाही. ती वाचव.

पैशाची धास्ती घेऊ नकोस. तो तिथे नोकरीला आहे आणि सरकारी पद्धतीच्या आरोग्य विम्यात, म्हणजे क्रांकनकासेत आहे, तर इस्पितळात दिवसाला १० युरो भरावे लागतात आणि तेही वर्षात जास्तीत जास्त २८ दिवसांचे. दाखल असल्याचा दाखला रिसेप्शनवरून घे, एक प्रत कंपनीला, एक विम्याला. कंपनीला आजच कळव. नोकरीला चार आठवडे होऊन गेले असतील तर सहा आठवडे पूर्ण पगार मिळतो, त्यानंतर विम्याकडून आजारपणाचा भत्ता, ढोबळ पगाराच्या साधारण ७० टक्के. त्याच्या कानावर हे मुद्दाम घाल. पुरुष माणसं अशा वेळी बिछान्यात पडून हप्त्यांचा हिशोब करत बसतात.

औषधांच्या बाबतीत मी कडक बोलणार आहे. स्टेंट बसल्यावर रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या असतात: ॲस्पिरिन, तिकडे रोज १०० मिलिग्रॅम देतात, आणि जोडीला प्रासुग्रेल, टिकाग्रेलॉर किंवा क्लोपिडोग्रेल. ही जोडी साधारण वर्षभर चालते. बरं वाटतंय म्हणून किंवा दात काढायचाय म्हणून हृदयाच्या डॉक्टरांना न विचारता त्यातली एकही बंद करायची नाही, कारण नव्या स्टेंटमध्ये गुठळी होऊन तो बंद पडू शकतो. वहीत गोळीचं ब्रँडचं नाव लिहिलंस तरी शेजारी मूळ औषधाचं नाव लिही. पुण्यात ब्रँडचं नाव वेगळं असेल, आणि ॲस्पिरिन बहुधा ७५ ची मिळेल. इथून कोणी अर्जुनारिष्ट, लसणाच्या कॅप्सूल किंवा काढे पाठवायचं म्हणेल. प्रेमाने नाही म्हण. काही वनस्पतींनी रक्त आणखी पातळ होतं आणि रक्तस्राव होऊ शकतो.

नवस बोलायचा तर फेडता येईल असाच बोल. भीतीच्या भरात मोठं काही बोललीस तर ते पुढे मनावर ओझं होऊन बसतं. कृतज्ञतेला मात्र बरं होण्याची वाट बघायला लावू नकोस. वहीच्या शेवटच्या पानावर रोज रात्री, त्या दिवशी ज्यांनी मदत केली त्यांची नावं लिही: ॲम्ब्युलन्समधला, रात्रपाळीची नर्स, फरशी पुसताना तुला पाणी आणून देणारी बाई. रडू आलं तर रड, आभार आणि रडू एकाच वेळी चालतं. वॉर्डमधून निघताना ती नावं घालून कार्ड लिही आणि सगळ्यांसाठी कॉफीचं पाकीट नाहीतर चॉकलेट दे. कोणाच्या हातात पैसे ठेवू नकोस, ते घेता येत नाहीत आणि उगाच अवघडतात. इथल्यांना काही करायचंच असेल तर रक्तदान करायला सांग. पुरुषांना तीन महिन्यांनी, बायकांना चार महिन्यांनी पुन्हा देता येतं.

घरी आल्यावर तो गप्प होईल, चिडेल, रात्री छातीवर हात ठेवून जागा राहील. हार्ट ॲटॅकनंतर मन खचणं फार कॉमन आहे. तो कृतघ्न झालाय असं समजू नकोस. आठवड्या-दोन आठवड्यांतही उतरलं नाही तर डॉक्टरांना सांग, त्यावर उपचार आहेत.

आता सगळे म्हणतील, त्याला घेऊन पुण्याला ये. माझं मत वेगळं आहे. इस्पितळानंतर तिथे साधारण तीन आठवड्यांचं पुनर्वसन मिळतं, देखरेखीखाली व्यायाम, आहार, मनाला आधार, सगळं. ते पूर्ण करूनच या. त्याचा अर्ज इस्पितळातला समाजसेवा विभाग, सोत्सियालडीन्स्ट, भरून देतो, आणि डिस्चार्जच्या आधी भरला तर दोनेक आठवड्यांत जागा मिळते. घरी गेल्यावर भरायला घेतला की कागद फिरत राहतात. विमानप्रवासाचा निर्णय तिथल्या डॉक्टरांनी लेखी दिल्याशिवाय तिकीट काढू नकोस. येताना डिस्चार्जचं पत्र, अँजिओग्राफीची सीडी आणि स्टेंटचं कार्ड हातातल्या पिशवीत ठेव, चेक-इनच्या बॅगेत नको.

सासूबाईंना तिकडे यायचंय. इस्पितळाकडून त्यांच्या नावाचं पत्र माग, त्यावर व्हिसाची लवकरची तारीख मागता येते. त्यांच्या प्रवास विम्यात किमान ३०,००० युरोचं कव्हर लागतं, ते दीर बघेल. त्या आल्या की रात्री दोघींपैकी एकीने झोपायचं, हे पहिल्याच दिवशी ठरवून टाका.

तुझी,
काकू
कोथरूड, पुणे