बारावी सायन्सच्या मुलीला विमान दुरुस्तीत करिअर जमेल का? आम्ही ठाण्यात राहतो.

जमेल की! मी कळव्याची, हेच काम करते.

ताकदीची शंका सगळेच काढतात. पण नट आवळायला दंड कमवावे लागत नाहीत. टॉर्क रेंच, म्हणजे जोर मोजणारा पाना, ठरलेल्या आकड्यावर 'कट्' करतो, तिथे थांबायचं. उलट जास्त जोर लावणाराच नडतो. परवा रात्री एका पॅनलमागे लॉकवायर, म्हणजे नट सैल होऊ नये म्हणून बांधतात ती तार, घालायची होती. कोपरापर्यंत हात आत, दिसायला फक्त छोटा आरसा आणि टॉर्च. सोबतच्या दादाचा हात अडकला, माझा गेला. शिफ्ट संपताना प्रत्येक पाना-पक्कड मोजून आपापल्या खाचेत ठेवायची. एक जरी कमी भरली तर ती सापडेपर्यंत विमान सोडत नाहीत.

आता लायसन्सचं. डीजीसीएचं, म्हणजे सरकारी विमान वाहतूक नियामकाचं, एएमई (विमान देखभाल अभियंता) लायसन्स हवं, त्यासाठी फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स. इंजिन आणि सांगाड्याची आवड असेल तर बी१.१, वायरिंग-रेडिओची असेल तर बी२. मॉड्यूलच्या, म्हणजे एकेका विषयाच्या, परीक्षेत ७५ टक्के लागतात. संस्थेला सीएआर-१४७ (हे शिक्षण देणाऱ्या संस्थांसाठीची) मान्यता आहे का, हे डीजीसीएच्या यादीत स्वतः बघा. गुळगुळीत माहितीपत्रकाला भुलून मी एकदा फसता फसता वाचले. आणि कोर्स संपला म्हणजे लायसन्स हातात, असं नाही. पुढे प्रत्यक्ष कामाचा अनुभव लागतो, तोवर पगार बेताचाच.

नवी मुंबई विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ पासून विमानं उडू लागली, म्हणजे तुम्हाला अंतराची तशी अडचण नाही. रात्रपाळी मात्र चुकत नाही. विमानं दिवसभर उडतात, आमच्या हाती रात्रीच लागतात. घरच्यांशी तेवढं आधीच बोलून घ्या.